दाउरच्या वाटणीचं अंडं

मी, गुरुनाथ वामन पांढरीपांडे, वय वर्षे एकोणऐंशी, मूळ राहणार नागपूर, हल्ली मुक्काम शॉमबर्ग, राज्य इलिनॉय, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि सकाळचा चहा पोटात गेल्यावर लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा प्रयत्न चिरंजीवांनी एकदा केला, त्याचा उल्लेख योग्य जागी येईल. आमच्या वकीलबाई चारुता याचं इंग्रजी करून घेतील. अर्थाबद्दल वाद झाला तर माझं मराठी खरं धरावं. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

कलम १. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि सर्व गुंतवणूक माझा मुलगा सुशांत, राहणार बॉथेल, याला मिळावी. घर विकायचं की ठेवायचं हे त्याचं त्याने ठरवावं. मात्र बेसमेंट रिकामं करताना माझं भिलाईच्या पोलाद कारखान्यातलं हेल्मेट फेकू नये. ते नात अनिकाला द्यावं. त्या कारखान्यात मी सोव्हिएत इंजिनिअरांच्या हाताखाली काम केलं आणि रशियन शिकलो. माझं रशियन म्हणजे भट्टी, झडप, गळती आणि पळा. या भाषेचा पुढे काही उपयोग होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

कलम २. बर्फ उडवायचं मशीन श्री. रवी देशकर यांना द्यावं. नाही तरी दर हिवाळ्यात ते त्यांच्याच गॅरेजमध्ये असतं. सोबत एक निरोपही द्यावा. माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून, नातेलाच्या देशातल्या युद्धाचे फोनवर दोन व्हिडिओ बघितलेल्या या गृहस्थांनी तिला (ती कोण ते कलम ३ मध्ये) सांगितलं होतं, "यार, त्या सगळ्या लोकांचं असंच असतं. भांडल्याशिवाय जमतच नाही त्यांना." नातेलाने त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला. रवी, तुला ते समजलं नाही म्हणून मरतामरता सांगतो, तू त्या दिवशी फार लहान दिसलास.

कलम ३. पद्मिनीचा पाटा-वरवंटा नातेलाला मिळावा. येथे नातेला कोण ते नोंदवणं जरूर आहे.

माझी पत्नी पद्मिनी हिला पक्षाघात झाला तेव्हा एजन्सीने तिच्या शुश्रूषेसाठी नातेलाला पाठवलं. ती जॉर्जियन, सुखुमी गावची, तिकडे शाळेत भूगोल शिकवायची. तिचं इंग्रजी जेमतेम होतं, म्हणून मी रशियनमध्ये पद्मिनीच्या तब्येतीची चौकशी केली. ती हसत सुटली. म्हणाली, "बाईंना बरं नाही की भट्टी बिघडली आहे?" माझ्या वडिलांचं नाव विचारून घेतलं आणि तेव्हापासून मी गुरुनाथ वामानोविच झालो. अमेरिकेत इतकी वर्षं काढली, पण माझ्या हाकेला वडिलांचं नाव जोडणारी ही पहिलीच.

पद्मिनीची वाचा जवळजवळ गेली होती. एकदा नातेलाने पाट्यावर लाल मिरची, लसूण आणि मीठ रगडायला घेतलं. तिकडे त्याला अजिका म्हणतात. पद्मिनी खुर्चीतून खुशीने बघत होती, हा तर ठेचाच! मग नातेलाने त्यात मेथीसारखं काहीतरी घातलं आणि आमच्या बाई कित्येक आठवड्यांनी स्पष्ट बोलल्या, "मेथी नको!" त्या दोघी शेवटपर्यंत त्या मेथीवरून भांडल्या. पद्मिनी गेली, माझे गुडघे गेले, नातेला राहिली. पाटा तिचाच आहे.

कलम ४. हे मुख्य कलम आहे. सुशांतने बसून वाचावं.

ही अजिका नातेलाच्या सासूची, आणि सासू अबखाझ. सोव्हिएत संघ फुटला, जॉर्जिया स्वतंत्र झाला, आणि काळ्या समुद्राकाठचे अबखाझ म्हणू लागले की आम्हाला जॉर्जियापासूनही वेगळं व्हायचं आहे. युद्ध पेटलं. नातेला जॉर्जियन, नवरा दाउर अबखाझ. जॉर्जियन सैनिक दारात आले तेव्हा ती पुढे उभी राहिली, अबखाझ आले तेव्हा तो. शेवटी अबखाझ जिंकले आणि जॉर्जियनांना गाव सोडावं लागलं. दाउरची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तो राहिला. नातेला मुलाला घेऊन बर्फातून डोंगर ओलांडून गेली. पुढे काही वर्षं सीमेवरच्या पुलापाशी त्यांच्या चोरट्या भेटी व्हायच्या. मग तीही वाट बंद झाली. ती शिकागोत असताना दाउर वारला. त्याची कबर सुखुमीत आहे आणि तिथे तिला जाता येत नाही.

मी हे सगळं तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे. एवढ्या वर्षांत नातेलाच्या तोंडून "ते लोक" हे शब्द मी ऐकले नाहीत. शिव्या देते, भरपूर देते, पण नाव घेऊन. घर लुटणाऱ्या शेजाऱ्याला देते आणि बोटभर जागेसाठी पोरं मरायला पाठवणाऱ्या दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना देते. चर्चमधल्या बायका तिला म्हणाल्या, त्यांच्यातल्या माणसासाठी कसली मेणबत्ती लावतेस? त्या दिवशी तिने दोन लावल्या. मी देशोदेशीची माणसं पाहिली आहेत. इतकी सरळ पाठीची बाई पाहिली नाही.

तर, त्यांच्यात ईस्टरला कबरीवर जातात. लाल रंगवलेलं अंडं कबरीवरून फिरवतात, थोडी वाइन ओततात आणि गेलेल्याशी बोलतात. नातेला दरवर्षी दाउरसाठी अंडं रंगवते, चर्चला नेते आणि कोटाच्या खिशात घालून तसंच परत आणते. मग ते सोलून मीठ लावून मला देते, अन्न टाकायचं नाही म्हणून. म्हणजे इतकी वर्षं दाउरच्या वाटणीचं अंडं मी खातो आहे. परवाच्या रविवारी मी ते न खाता फ्रीजमध्ये ठेवलं.

माझ्या नावावर इथल्या दफनभूमीत एकमेकींना लागून दोन जागा आहेत. होय, आम्हा जाळणाऱ्या लोकांच्या नावावर! एका विक्रेत्याने पटवलं की जमिनीचा भाव कधी उतरत नाही, आणि मी घासाघीस करून घेतल्या. पद्मिनी ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायची. भाव काही चढला नाही.

मी नातेलाला म्हटलं, ही जागा तू घे, दाउरच्या नावाचा दगड बसव. ती नको म्हणाली. "गुरुनाथ वामानोविच, खाली कोणीच नाही. रिकाम्या मातीशी मी काय बोलू?"

मी त्यावर विचार केला आणि फोनवर सुशांतला सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, आर यू सीरियस? कॅन्सल करा हे. आईच्या अस्थी रामटेकला दिल्या, तुमच्या इथे पुरायच्या? लोक काय म्हणतील?" हाच तो दबाव. मागून अनिकाचा आवाज आला, "डॅड, स्टॉप. इट्स आबाज चॉइस." पोरीला हेल्मेट शोभेल.

तरी मी असं ठरवतो. माझं दहन करावं. अर्ध्या अस्थी सुशांतने रामटेकला अंबाळा तलावात, जिथे पद्मिनीच्या दिल्या तिथेच द्याव्यात. उरलेल्या अर्ध्या वरीलपैकी एका जागेत पुराव्यात आणि दोन्ही जागा नातेलाच्या नावावर कराव्यात. दगड एकच असावा. वर दाउरचं नाव, त्याच्या भाषेत. खाली माझं, मराठीत. दफनभूमीच्या कार्यालयाची परवानगी घेतली आहे, दगडाचे पैसे भरले आहेत.

नातेला, आता खाली कोणीतरी असेल. तू अंडं फिरव, वाइन ओत आणि दाउरला जे सांगायचं ते मला सांग. मी पोचवीन. माझं रशियन भट्टीवरचं आहे, पण तू वाट बघतेस एवढं सांगायला पुरेल. ठेच्यात मेथी घालतेस हेही मी त्याला सांगणार आहे.

सह्यांपूर्वी हे कलम मी नातेलाला रशियनमध्ये वाचून दाखवलं. तिने ओट्यावरचा गॅस बंद केला. मग पदराने पुसावं तसं एप्रनने तोंड पुसून म्हणाली, "घाई करू नका, गुरुनाथ वामानोविच. दाउरला थांबायची सवय आहे."

येणेप्रमाणे लिहून, वाचून, समजून सही केली.

(सही) गुरुनाथ वामन पांढरीपांडे

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली. आम्हाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, जेवण सोडून:
१. (सही) सिद्धेश, शेजारी
२. (सही) चैत्राली, सिद्धेशची पत्नी

स्थळ: स्वयंपाकघर, शॉमबर्ग
दिनांक: १४ एप्रिल २०२६, नातेलाच्या ईस्टरनंतरचा मंगळवार. अंडं अजून फ्रीजमध्ये आहे. ते कोणी खाऊ नये.