भर वर्गात उसवलेलं गणित

प्रिय अब्बा,

सलाम. आज भर वर्गात मी स्वतःची चूक सांगितली, आणि तीही गणितातली! हे ऐकून तुम्ही आधी पोटभर हसला असता आणि मग सुईत दोरा ओवत म्हणाला असता, "आता सुरुवातीपासनं सांग." ऐकायला तुम्ही नाही, म्हणून लिहितेय. तुमचं शिलाई मशीन मी आष्ट्याहून इकडे कवठे महांकाळला आणलंय. त्याच्याच फळीवर वही ठेवलीय.

मला शिकवता येतं, हे मी आजही ठणकावून सांगेन. तुम्ही म्हणायचात ना, "आमची मॅडम जरा जास्तच ताठ हाय"? आहेच! पण त्यात तुमचाही हात आहे. नोकरी लागण्याआधी प्रत्येक पाठाची तालीम मी तुमच्या दुकानात केली. चौथी शिकलेला माणूस शर्टाची काजं करत अकरावीचं गणित ऐकायचा. लॉगचा पहिला पाठ आठवतो का? दोनचा कितवा घात केला की आठ येतात? तिसरा. म्हणून दोनच्या पायावर आठचा लॉग तीन. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "एवढंच व्हय? मग पोरं भित्यात कशाला?"

मग मी सांगितलं की लॉगच्या आत शून्य किंवा ऋण संख्या चालत नाही. म्हणून लॉगची असमानता सोडवताना, म्हणजे एक बाजू दुसरीपेक्षा लहान कधी असते ते शोधताना, आधी कुठल्या संख्या चालतील ते ठरवायचं. तुम्ही लगेच म्हणालात, "म्हंजे कातरी लावायच्या आधी कापड बघायचं. तसंच सांग की पोरास्नी!" तेव्हापासून माझ्या वर्गात तेच चालतं. मुलं गणिताला हात घालण्याआधी ओरडतात, "कापड बघितलं, मॅडम!"

आणि अब्बा, मी नेमकी तिथेच फसले.

चाचणीत एक गणित घातलं होतं. एक्सच्या वर्गाचा, दोनच्या पायावरचा लॉग चारपेक्षा लहान आहे, तर एक्स कुठे असेल? माझं उत्तर होतं, शून्य ते चारच्या मधे. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. लिहिणारच, शिकवलं कोणी होतं? एकट्या सायलीने लिहिलं, उणे चार ते अधिक चार, फक्त शून्य सोडून.

ही सायली इथल्याच जवळच्या गावातली. वडील फौजेत, आई शेत बघते. वर्गात बोलते कमी, पण पहिल्याच आठवड्यात मला जिन्यात गाठून म्हणाली होती, "मॅडम, मला गणितातच पुढं जायचंय." अशा मुलीच्या पेपरवर मी लाल फुली मारली. तेवढ्यावर थांबले असते तर! मी तो पेपर वर्गात वाचून दाखवला. "ऋण संख्येला लॉग! सायलीने कापड न बघताच कात्री चालवली." वर्ग हसला. मीही हसले. तुमचं वाक्य, अब्बा, आणि मी ते कशासाठी वापरलं!

काल दुपारी ती स्टाफरूममध्ये आली. हातात अर्ज होता, गणित सोडून भूगोल घेण्याचा. माझी सही हवी होती.

"का गं?" मी विचारलं.

"मला न्हाई जमायचं, मॅडम. बाकीच्या गणितात मी घाबरत घाबरत लिवलं आणि ती बरोबर आली. ह्यात मला लय खात्री हुती. खात्रीचंच चुकत असंल तर माज्या डोक्यातच कायतरी कमी हाय."

मी तिची समजूत काढायला पेपर मागवला. एकदाच तिच्या उत्तरातली संख्या घालून दाखवू, म्हणजे चूक तिची तिला कळेल, असं माझ्या मनात होतं. उणे दोन घातले. उणे दोनचा वर्ग चार. चारचा लॉग दोन. दोन हे चारपेक्षा लहान.

बरोबर होतं! मी पुन्हा केलं. तरीही बरोबर.

एक्सच्या वर्गातला घात, म्हणजे दोन, मी सवयीने लॉगच्या पुढे आणून ठेवला होता. मग लॉगच्या आत उरला नुसता एक्स, आणि नुसत्या एक्सला ऋण चालत नाही. पण मूळ गणितात आत एक्सचा वर्ग होता, आणि ऋण संख्येचाही वर्ग धनच येतो. कापड दुपदरी होतं आणि मी वरचाच पदर बघून कात्री लावली. वर कापड बघण्याची शेखी मिरवत होते!

गुण वाढवून अर्ज परत दिला असता तर तिथल्या तिथे मिटलं असतं. खरं सांगू? क्षणभर तेच मनात आलं.

मग तो कोट आठवला. ऐन लग्नसराई, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि सुट्टीवर आलेला एक फौजी आरशासमोर उभा. कोटाचा डावा खांदा ओढत होता. तो ओशाळून म्हणाला, "चाचा, माजाच खांदा वाकडा हाय वाटतं." तुम्ही सगळ्यांच्या देखत कोट उतरवून घेतलात. "आवं, खांदा सरळ हाय तुमचा. हात माजा चुकला. बसा." आणि तिथेच शिवण उसवायला घेतलीत. मी दहावीत होते, लाजेने मेले. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. पडद्यामागे जाऊन उसवायला काय झालं होतं? तुम्ही एवढंच म्हणालात, "मागं जाऊन उसवलं असतं, तर त्यो जल्मभर आरशात वाकडा खांदा बघत बसला असता."

तेव्हा मला पटलं नव्हतं. अबोल्याबद्दल माफीही मागितली नाही कधी. आज मागते.

मी सही केली नाही, अर्ज ठेवून घेतला. "उद्या तास झाल्यावर बघू," म्हणाले. आज सकाळी ते गणित फळ्यावर लिहिलं, माझं उत्तर लिहिलं आणि त्यावर फुली मारली. म्हणाले, "सायलीचं डोकं सरळ आहे. हात माझा चुकला. आणि तुम्ही हसलात ते मी हसवलं म्हणून."  मग खडू सायलीकडे दिला. पहिली ओळ तिने माझ्याकडे वळून वळून बघत लिहिली. तिसऱ्या ओळीला ती मागच्या बाकाला दरडावत होती, "आरं, गप की! कापड बघा आधी."

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "मॅडम, अर्ज?"

 मी तो वहीतून काढून दिला, अब्बा. तिने तो उलटा केला आणि बाकावर ठेवून मागच्या कोऱ्या बाजूवर फळ्यावरची उद्याची गणितं उतरवून घ्यायला लागली.

तुमच्यावर एक रागही आहे. पाया एकापेक्षा लहान असला की असमानतेचं चिन्ह का उलटतं, हे ऐकायचं तुमचं राहिलं. "उद्या ऐकतो" म्हणालात, दवाखान्यात गेलात आणि परत आलाच नाहीत. असं करतात का? उद्या तोच पाठ आहे. आता या मशीनसमोर मी त्याची तालीम करणार आहे, मोठ्याने.

आणि शब्द देते. लाल पेन टेकवण्याआधी मुलांच्या उत्तरातली एक तरी संख्या घालून बघेन. तरीही कधी हात चुकलाच, तर मी पडद्यामागे जाणार नाही.

तुमची ताठ मॅडम,
रुकसाना