जुन्या बॅटऱ्यांवरची खोली

२ जुलै

नवी बॅटरी आली. पांढरी, गुळगुळीत, कपाटाएवढी. ना आवाज, ना वास. ओनित्सुका इलेक्ट्रिशियनने ती पश्चिमेच्या भिंतीला लावून उभी केली आणि पडवीतल्या माझ्या जुन्या बॅटऱ्यांकडे बघून म्हणाला, "आजोबा, ह्या कुठल्या म्युझियममधून उचलल्या?"

म्युझियम नाही, बर्फाचा कारखाना. बंदरावरचा तो कारखाना बंद पडला तेव्हा आतल्या माल उचलायच्या गाड्यांच्या बॅटऱ्या भंगारात चालल्या होत्या. मी आणि माझा शाळासोबती हिरोकाने, आम्ही त्या हातगाडीवरून चढ चढवून घरी आणल्या. एकेक बॅटरी म्हणजे बोकडाएवढी जड. चढावर दम लागला की हिरोकाने मोरियामा बाईंनी चौथीत पाठ करून घेतलेली म्हाताऱ्या बैलाची कविता मोठ्याने म्हणायचा. बाया दारात येऊन हसायच्या. छपरावर पॅनेल बसवले, तारा जोडल्या, आणि पुढच्याच वादळात सगळं बेट अंधारात असताना आमच्या दोन घरांत दिवे!

हिरोकाने गेल्या वसंतात गेला. त्याच्या घराला कुलूप आहे. बॅटऱ्या आहेत.

चिझुरुने फुकुओकाहून फोनवर निकाल लावला. "बाबा, वाद नको. पूर्वेची खोली जुन्यांवर, पश्चिमेची नव्या बॅटरीवर. दोन्हीकडे सारखाच एसी, रात्रभर चालवायचा. सकाळी कुणात किती उरलं ते बघायचं. ऑगस्टात बोनला, पितरांच्या सणाला, मी येते. हरेल ती जाईल."

लेक माझी, पण बोलते बँकेच्या मॅनेजरसारखी.

पश्चिमेची खोली माझी, पूर्वेची बायकोची, मित्सुएची. माझ्या घोरण्याला कंटाळून ती तिकडे गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली.

४ जुलै

नव्या बॅटरीत निम्म्याहून जास्त शिल्लक. जुन्यांचा मीटर तळाशी. पहाटे तिकडचा एसी आपोआप बंद पडला.

मित्सुए मिसो सूप वाढताना म्हणाली, "रात्रभर कण्हत होत्या हो बिचाऱ्या."

कण्हतात हे खरं. ओझं पडलं की जुना इन्व्हर्टर असा आवाज काढतो, जसं कुणी जिना चढतंय. मी दिवसभर त्यांच्यापाशी बसलो. टर्मिनलवरची पांढरी बुरशी ब्रशने काढली, डिस्टिल्ड वॉटर घातलं. ती कविता म्हणून दाखवली. मित्सुए कपडे वाळत घालत होती. "त्यांना काय कळतंय," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हिरोकानेभावजींचा आवाज चांगला होता."

८ जुलै

सुधारल्या! सकाळी जुन्यांत बरंच शिल्लक. काल त्याहून थोडं कमी होतं, परवा त्याहून. चढत चालल्यात. डिस्टिल्ड वॉटरचा गुण. ओनित्सुकाला फोन केला. तो हसला. "आजोबा, बॅटरी म्हातारी झाली की सुधारत नाही. सुधारलेली दिसली तर तिच्यावर ओझं कमी पडलंय."

मत्सर वाटतो त्याला. नव्या बॅटरीचं कमिशन असणार.

११ जुलै

पावसाचे दिवस संपले, असं रेडिओने जाहीर केलं. यंदा लवकर. आता ऊन.

१४ जुलै

लिहू की नको.

सकाळी मीटर बघण्याआधी मित्सुएला हाक मारायला गेलो. कागदी दाराबाहेर थांबलो. आत एसीचा आवाज नाही. पंख्याचा आवाज येत होता, हातपंख्याचा. दार थोडं किलकिलं होतं. खिडकी सताड उघडी, मित्सुए चटईवर बसलेली, मानेवर ओला टॉवेल. भिंतीवरच्या एसीची हवेची पाकळी मिटलेली, तिच्यावर धूळ. ती मिटलेली पाकळी बघूनच कळलं, हे आजचं नाही.

मला हाक मारता आली असती. "अगं, वेडी का तू, लाव की तो," एवढंच. तोंडाशी आलं होतं.

मी मागे फिरलो. पडवीत गेलो. मीटर वाचला. जुन्या जिंकत होत्या.

१५ जुलै

कालपासून स्वतःला समजावतोय. मित्सुए काही लहान नाही. तिला एसीची हवा कधीच आवडली नाही, सांधे धरतात म्हणते. आमच्या आया काय एसीत राहिल्या? आणि बोन काही फार लांब नाही.

दुपारी ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. तीच ती मुलगी, गोड आवाजात: "आज उन्हाचा धोका आहे. ज्येष्ठ नागरिकांनी संकोच न करता एसी वापरावा." मित्सुए अंगणात वांगी खुडत होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "किती ओरडतो हा भोंगा." ती म्हणाली, "हो ना."

संकोच न करता. आमच्या पिढीला ह्या शब्दांचा अर्थ कुणी शिकवलाच नाही. पाहुणा म्हणाला घ्या, की आपण नको म्हणायचं. यंत्र म्हणालं घ्या, तरी नकोच.

१८ जुलै

आणखी एक. आपलं आपल्यालाच सांगायला लाज वाटते. मी माझ्या खोलीचा एसी आणखी थंड केला. नवी बॅटरी लवकर उतरावी म्हणून. रजई काढली कपाटातून. जुलै महिन्यात रजई पांघरून झोपलो, आणि मधल्या पॅसेजपलीकडे ती ओला टॉवेल मानेवर घेऊन.

झोप छान लागली. हेच लिहायचं होतं.

२० जुलै

आज नव्या बॅटरीला जुन्यांनी सहज मागे टाकलं. मला आनंद झाला. झाला, खोटं कशाला लिहू.

२२ जुलै

चिझुरुचा फोन. "आई एसी लावते ना, बाबा? टीव्हीवर रोज दाखवतायत, म्हातारी माणसं घरात बसल्या बसल्या…"

"लावते," मी म्हटलं.

"नक्की?"

"मीटर बघतोय की मी रोज."

मीटर बघतोय हे खरं होतं. मास्तरांना उत्तर देताना पोरं करतात तशी युक्ती. मित्सुए समोर बार्लीचा चहा गाळत होती. तिने ऐकलं. चहाचा पेला माझ्यासमोर ठेवला, त्यात बर्फाचे खडे जरा जास्त.

२५ जुलै

मित्सुए जेवत नाही. थंड शेवयांचे चार धागे, अर्धं खारवलेलं आलुबुखार, झालं.

"तोंड उतरलंय तुझं."

"उन्हाळ्यात उतरतंच."

"जरा पडून राहा."

"राहते."

ह्यातच मधे कुठेतरी ते वाक्य बसलं असतं. जागा होती. रोज सकाळी मी तिच्या दाराशी जातो, थांबतो. रोज ठरवतो, आज म्हणायचं. पण म्हटलं की मला माहीत होतं हेही म्हटल्यासारखं होणार. कधीपासून, हेही. रोज ते वाक्य आणखी जड होतंय. चौदा तारखेला ते हलकं होतं.

२६ जुलै

आजही नाही.

२९ जुलै

सकाळी आधी मीटर पाहिला.

कधी नव्हे एवढं शिल्लक. जवळजवळ भरलेल्याच. मी हिरोकानेच्या नावाने टाळीसुद्धा वाजवली, देवळात वाजवतात तशी. मग हाक मारली, "मित्सुए, बघायला ये." उत्तर नाही. "अगं ए." दार सरकवलं.

ती कुशीवर पडली होती. अंग तव्यासारखं, आणि घाम नाही. डोळे उघडे होते पण माझ्यावर थांबत नव्हते. कुणाला तरी म्हणत होती, "होडी आली का?"

एसी लावला. रिमोट उलटा धरला होता, बटण सापडेना. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी काखेत बर्फ ठेवला. त्यातला एक जण खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "बरं झालं एसी चालू होता, नाहीतर…"

मी हो म्हटलं.

३० जुलै

वाचली. सलाईन लावलंय. डॉक्टर तरुण आहे, हळू बोलतो. "खोलीत एसी नाही का?"

"आहे."

"बिघडलाय?"

"नाही."

त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. असे म्हातारे त्याला रोज दिसत असणार.

दुपारी चिझुरु आली. आईचा हात धरला, रडली, आणि मग सुरू झाली. "आई, काय हा कंजूसपणा! वीज छपरावरून फुकट येते ना? कुणासाठी वाचवतेस?"

मित्सुए उशीवरून म्हणाली, "मला ती हवा सोसत नाही गं."

"बाबा, तुम्ही तरी सांगायचं! पण तुम्हाला काय कळणार म्हणा, तुम्ही कवितेत."

मी फळाचा डबा उघडून बसलो होतो. पीचची साल काढत. एवढी बारीक साल मी जन्मात काढली नसेल. लेक आईला रागावत होती, आई ते अंगावर घेत होती, आणि मी साल काढत होतो.

२ ऑगस्ट

घरी एकटा. चिझुरु आईपाशी हॉस्पिटलात. आज मी पूर्वेच्या खोलीत राहिलो. दुपारभर जुन्या बॅटऱ्या उन्हावर भरू दिल्या, ऊन उतरल्यावर एसी लावला, जसा ठरला होता तसा. प्रामाणिकपणे, पहिल्यांदा.

कण्हायला लागल्या. मित्सुए म्हणायची ते मी कधी ह्या खोलीत बसून ऐकलंच नव्हतं. इथून तो आवाज इन्व्हर्टरचा वाटत नाही. शेजारी कुणी आजारी पडलंय असा वाटतो. अशा आवाजात एसी चालू ठेवून झोपणं मित्सुएसारख्या बाईला जमणार नाही, कुणीही सांगितलं असतं.

बाहेर अंधार पडायच्या आत एसी बंद पडला. मीटरचा काटा खाली. एक रात्रसुद्धा काढण्याची ताकद नाही उरलेली त्यांच्यात. पहिल्या रात्री पहाटेपर्यंत कशा टिकल्या देव जाणे. बहुतेक तेव्हाही तिने मधूनमधून बंद केला असणार.

तिथेच बसून राहिलो. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. मोरियामा बाईंची कविता आठवली. म्हातारा बैल, चढ, संध्याकाळ, न थांबता ओढतोय. आम्ही सगळा वर्ग रडायचो. गाडीत बसलंय कोण, आणि ते उतरून चालत का नाही, हे आम्ही बाईंना कधी विचारलं नाही.

४ ऑगस्ट

ओनित्सुकाला बोलावलं. "घेऊन जा," म्हटलं.

तो गडबडला. "अहो आजोबा, आकडे तर ह्यांचे भारी आहेत. मीच चुकलो म्हणून तुमच्याकडे चहा प्यायला येणार होतो."

"घेऊन जा."

"तुम्हाला बरं नाही वाटत का?"

बॅटऱ्या गाडीत चढवताना मी हात लावायला गेलो तर तो म्हणाला, "पाठ सांभाळा, मी बघतो." पडवीत फरशीवर आम्लाचे चौकोनी डाग राहिले आहेत. घासून पाहिले. जात नाहीत. पूर्वेच्या खोलीची तार नव्या बॅटरीला जोडून घेतली.

संध्याकाळी हॉस्पिटलातून चिझुरुचा फोन, ओनित्सुकाने कळवलं असणार. "बाबा, जिंकत असलेल्या का दिल्या?"

"त्या संपल्या होत्या."

"मग मीटर?"

मी म्हटलं, लाईन नीट लागत नाहीये. तिचा आवाज स्वच्छ येत होता.

७ ऑगस्ट

उद्या मित्सुए येणार. खोली पुसली, एसी लावून गार करून ठेवणार आहे. तिला सांगायचं काय ते पाठ करतोय, चौथीतल्यासारखं. 'मला चौदा तारखेपासून माहीत होतं.' मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्या शब्दालाच अडतो.

८ ऑगस्ट

आली. बारीक झाली आहे, चपला काढायला ओट्यावर बसावं लागलं. खोली गार होती. तिने एसीकडे पाहिलं, मग खाली बसली. चिझुरु भाजी आणायला गेली होती. मी म्हटलं, "मित्सुए, त्या एसीचं—"

ती म्हणाली, "पहिले काही दिवस बॅटऱ्यांची दया आली म्हणून बंद ठेवला. नंतर दया म्हणून नाही. नंतर रोज सकाळी दाराच्या कागदावर तुमची सावली यायची, थांबायची आणि जायची. मी बघत होते, 'लाव' कधी म्हणता."