जेवढा मी उतरलो, तेवढी वाळू

प्रिय चिमणे,

काल तुझा फोन आला तेव्हा मी शिडीवर होतो, म्हणून "बरा आहे गं, नंतर बोलू" म्हणून तुला कटवलं. मी शिडीवर होतो, हे पुन्हा एकदा वाच. ज्या तुझ्या दादाला घरात बल्ब बदलायलासुद्धा कुणी स्टुलावर चढू देत नव्हतं, तो काल नाट्यगृहाच्या छताखालच्या कप्पीला तेल घालून खाली उतरला आणि त्याला धापही लागली नाही. फोनवर मी फुशारक्या मारतो, तू हसतेस, आणि खरं बोलायचं राहूनच जातं. म्हणून आज पेन काढलं. चहा घेऊन निवांत बस आणि वाच. माझ्या वाटचा चहाही तूच पी, कारण माझं जेवण आत्ताच झालंय आणि त्यानंतर बराच वेळ मला घोटभर पाण्याचीही बंदी असते.

ऑपरेशनच्या दिवसाचं मला फारसं आठवत नाही. तुझी वहिनी सांगते की मला आत नेल्यापासून बाहेर आणेपर्यंत तू बाहेर उभीच होतीस. खुर्च्या रिकाम्या होत्या, ती बस बस म्हणत होती आणि तू म्हणे मला उभंच बरं वाटतं म्हणालीस. पुढचे काही आठवडे तर विचारूच नकोस. डॉक्टरांनी माझं पोट कापून केळ्याएवढं ठेवलं, आणि वहिनीने माळ्यावरून आपल्या लेकाची लहानपणीची वाटी आणि चमचा शोधून काढला. त्या वाटीतलं सूपसुद्धा मला संपत नव्हतं. सगळ्यांना वाटतं त्रास दुखण्याचा होत असेल. दुखणं केव्हाच गेलं. त्रास झाला तो रिकाम्या वेळाचा. कंटाळा आला की खायचं, राग आला की खायचं, आनंद झाला तरी खायचंच, हा आपल्या घरचा रिवाज. आता राग आला तर करायचं काय, हे मला या वयात शिकावं लागलं. एकदा तर साध्या टोस्टसाठी डोळ्यांत पाणी आलं. वहिनी टोस्ट घेऊन दुसऱ्या खोलीत गेली आणि तिथे बसून खाल्ला. कुरुमकुरुम ऐकू यायचं ते आलंच.

पण मला सांगायचंय ते पडद्याचं. "आमचा दादा नाटकाचा पडदा ओढतो" एवढं तू लोकांना कौतुकाने सांगतेस, पण तो कसा ओढतो हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. आमचा मुख्य पडदा जाड मखमलीचा, जुना, ओल्या गोधडीसारखा जड. त्याची दोरी वर कप्पीवरून येते, आणि तिच्या दुसऱ्या टोकाला वाळूची पोती टांगलेली असतात. पडदा आणि पोती यांचं वजन जवळपास सारखं असलं की माणसाला थोडाच जोर लावावा लागतो. पूर्वी आम्ही दोघं ओढायचो. माझा जोडीदार निवृत्त झाला तेव्हा लक्षात आलं की मी एकट्याने दोरीवर अंग टाकलं तरी पडदा निमूट वर जातो. नाट्यगृहाचे व्यवस्थापक, आमचे साहेब, खूश, एका माणसाचा पगार वाचला. नेपथ्याचा सुतार मला 'चौथं पोतं' म्हणायला लागला, कारण दोरीला टांगलेली तीन होती. खोटं कशाला बोलू, मला त्या नावाचा अभिमान होता. जगात सगळीकडे माझं वजन आड यायचं, तिथे एका जागी ते उपयोगी पडत होतं.

ऑपरेशननंतर ओढायची, उचलायची सक्त मनाई होती म्हणून मला तिकिटखिडकीवर बसवलं. पडद्याला नेपथ्यातली दोन माणसं उधार घेतली. ती इतक्या हिसक्याने ओढायची की एकदा नायिकेचा पदर पडद्याबरोबर वर गेला. साहेबांनी मोटर बसवायचं मनावर घेतलं. बटण दाबलं की पडदा वर, दाबलं की खाली. मग मला परत दोरीवर यायची गरजच नाही, खिडकीवर सावलीत बसून आराम करा, असं ते अगदी प्रेमाने म्हणाले. चिमणे, त्या खिडकीतून रंगमंच दिसत नाही, ऐकूही येत नाही. नाटक सुरू झालं की बाहेर उरतो तो मी आणि पंखा. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो आणि दोरी मागितली. तालमीत करून दाखवा, म्हणाले.

तर ती तालीम, नव्या नाटकाची. पडदा वर होता, दिग्दर्शिका म्हणाली खाली घ्या. मी वर्षानुवर्षांच्या सवयीने गाठ सोडली, दोरी मुठीत धरली, मागे रेललो आणि पडदा खाली आला. मी वर गेलो. विनोद करत नाही, खरोखर वर गेलो. पडदा जसजसा खाली तसतसा मी तरंगत वर, आणि हातातली दोरी सोडायचं धाडस होईना. त्यातून कमरेला जुनीच पॅंट, पट्ट्याला सुताराने खिळ्याने पाडलेली नवी भोकं. मी वर निघालो आणि पॅंटने घोट्यापाशी येऊन थांबायचं ठरवलं. दिव्यांच्या सज्ज्यातल्या माणसाने माझी बखोट धरून मला कठड्याच्या आत ओढलं. खालून दिग्दर्शिकेने शांतपणे विचारलं, हे आपल्या नाटकात आहे का? त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते बराच वेळ थांबलं नाही. मीही हसलो. रोज आरशात बघून खूश होणारा मी, दोरी हातात घेताना मात्र माझं जुनंच अंग घेऊन गेलो होतो.

साहेब हसले नाहीत. कुणाचा जीव गेला असता, म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला मोटरवाल्याला बोलावलंय, तोवर काही जमलं तर बघू, नाहीतर खिडकी. त्या दिवशी घरी येताना मला फार वाईट वाटलं. वाटलं, इतकी वर्षं ते काम मी केलंच नव्हतं, माझ्या चरबीने केलं होतं. ती गेली, तिच्याबरोबर कामही गेलं. दवाखान्यात काट्यावर उभा राहिलो की नर्स टाळ्या वाजवायची, आणि मी मनात म्हणायचो, बाई, टाळ्या कसल्या वाजवतेस, ही माझी नोकरी वितळतेय.

आणि तिथे, काट्यावर उभा असतानाच, डोक्यात उजेड पडला. मी तडक सुताराकडे गेलो आणि म्हणालो, जेवढा मी उतरलोय तेवढी वाळू भरून दोरीला टांग. तो आधी हसून लोळायचा बाकी राहिला. मग पोतं घेतलं आणि भरायला बसला. ते चौथं पोतं टांगल्यावर दोरी हातात घेतली तर ती पुन्हा ओळखीची वाटली. पण मी काही तिथेच थांबणार नव्हतो, वजन उतरतच होतं. त्यामुळे दर महिन्याला दवाखान्यातून निघालो की थेट सुताराकडे, आणि त्या पोत्यात आणखी थोडी वाळू. कॅन्टीनवाल्या मावशी मुद्दाम बघायला आल्या. त्या आधी माझ्यावर रुसल्या होत्या, कारण मध्यंतरात चार अंडी खाणारा मी अर्ध्यावर हात धुवायला लागलो, तेव्हा त्यांना वाटलं त्यांच्या हाताची चव गेली. पोत्याला थाप मारून म्हणाल्या, म्हणजे माझी सगळी अंडी इथे आहेत तर! आता त्या मला एकाच अंड्याच्या पातळ चकत्या करून बशीत मांडून देतात, आणि मी संपवेपर्यंत समोरून हलत नाहीत.

वाळूने अर्धं काम झालं. उरलेलं मला शिकावं लागलं. पूर्वी मी नुसता खांबासारखा उभा राहायचो, आता पाय कुठे रोवायचे, गुडघे किती वाकवायचे, श्वास कधी सोडायचा, सगळं नव्याने. तळव्यांना फोड आले. केस गळत होते, थंडी वाजत होती. विंगेत घामाने निथळणारा मी स्वेटर घालून बसायला लागलो. पोटाची कातडी तर अजून त्या मखमली पडद्यासारखीच घड्या पडून लोंबते, आणि ती बघून रोज छान वाटतं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट कळली. रडक्या नाटकाचा पडदा कसा हळूच टेकवायचा, फार्सचा कसा धाडकन पाडायचा, शेवटचं वीतभर अंतर कुठे रोखून धरायचं, हे सगळं माझ्या हातांत होतं. ते पोटात कधीच नव्हतं, त्यामुळे ते कापलंही गेलं नाही.

पहिल्या प्रयोगाला हॉल भरलेला. साहेब पहिल्या रांगेत, शेजारी मोटरवाला. दिग्दर्शिकेने अवघड मागणी केली होती. रंगमंचावर एक बाई एकटी बसलेली, आणि पडदा इतका सावकाश वर जायला हवा की तो कधी उघडला हे कुणालाच कळू नये. तिसरी घंटा झाली. गाठ सोडली, पाय रोवले आणि दोरी मुठीतून इंच इंच घेऊ लागलो. ना हिसका, ना कुरकुर. कप्पीसुद्धा बोलली नाही. पडदा पुरता वर गेला, मी गाठ मारली आणि मग ऐकलं, हॉलमध्ये कुणी खोकतही नव्हतं. मोटरवाला मध्यंतरात चहा प्यायला गेला तो परत आलाच नाही. साहेब विंगेत आले, पोत्याकडे बघत म्हणाले, याला एखादी बरी खोळ शिवून घ्या. झालं. दोरी माझी.

पण खरी गंमत पुढे आहे. नाटक संपलं, नट वाकून नमस्कार करत होते, आणि दिग्दर्शिका एकदम विंगेत येऊन माझा हात धरून मला बाहेर घेऊन गेली. दोरी सुताराने धरली. इतकी वर्षं मी त्या पडद्याच्या मागे किंवा बाजूला होतो, पुढे कधीच नाही. लोकांनी आपल्याकडे बघू नये म्हणून तर मी काळे कपडे घालून अंधारातली नोकरी धरली होती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात ना, तसं झालं, आणि तेवढं डॉक्टरांनाही चालेल.

आता तुला खरं सांगतो, हे पत्र का लिहिलं. तिथे उभा असताना मला समोर तिसऱ्या रांगेच्या कडेची खुर्ची दिसली. आठवतं, तू एकदाच माझ्या नाट्यगृहात आली होतीस? पडद्याला एक बारीक भोक आहे, त्यातून मी तुला शोधत होतो. तू तिरकी बसली होतीस, दोन्ही हात मांडीवर घट्ट, आणि खुर्चीचे हात तुझ्या दोन्ही बाजूंना रुतलेले. मध्यंतरात डोकं दुखतंय म्हणून गेलीस आणि पुन्हा कधी आली नाहीस. दवाखान्यातल्या खुर्च्यांनाही हात होते, चिमणे. मला तेव्हाही कळलं होतं आणि आताही कळलं, कारण नोकरी लागल्यापासून मीही त्या हॉलमधल्या एकाही खुर्चीत बसलो नव्हतो. तू दुखावशील म्हणून ही गोष्ट आजवर पोटात ठेवली, पण आता तिथे जागाच उरली नाही. ऑपरेशन कर म्हणून मी तुला सांगणार नाही. तुझं अंग तुझं, ते तू ठरव, आणि तू आहेस तशीच मला हवी आहेस. मी एवढंच केलंय की तिसऱ्या रांगेच्या कडेच्या दोन खुर्च्यांमधला हात सुताराकडून काढून घेतलाय. साहेबांना विचारून, कायमचा. त्या दोन्ही जागा तुझ्या, आणि त्यापलीकडची तुझ्या लेकीची. तू आयुष्यभर माझ्यासाठी उभी राहिलीस, आता शनिवारी ये आणि एकदा ऐसपैस बसून बघ. तिसरी घंटा झाली की मी भोकातून बघेन, आणि तू नीट टेकून बसल्याशिवाय पडदा उघडणार नाही, हॉलने कितीही शिट्ट्या मारल्या तरी.

दोरी धरून तुझी वाट बघणारा,
तुझाच दादा