ज्याला धूर आधी दिसला त्याचं नाव

आये, तू गेलीस त्याला लय वर्षं झाली. मला फिरवून बोलता येत नाय, थेट सांगते. काल सुरगाण्याला बैठक होती, तिथं माझं डोकं फिरलं. घरात सांगितलं तर म्हणतात, "जाऊ दे की, तुला काय करायचंय?"

मी आता पंचायतीत हाय. बायांची जागा निघाली, मला बसवली. आपत्तीचा नवा कायदा आला म्हणून गावोगावचा आराखडा करायचा, त्याची ही बैठक. नाशिकहून साहेब आलेला, तरणा, बोलायला बरा. कागद वाटले. पुराला चार पानं! आपला पाडा डोंगराच्या कडेला. तिथवर पाणी चढलं तर नाशिक राहील का? आणि वणव्याला शेवटी एक ओळ, जंगल खात्याला कळवावे. बस्स. कळवलं म्हणजे काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

राब भाजताना तू किती जपायचीस. भाताच्या रोपाच्या जागेवर पाला-शेण पसरायचं, भोवतीचा पट्टा झाडून लख्ख करायचा, वारा उठायच्या आत पेटवायचं. एकदा राख गरम असताना मी पाणी प्यायला घरी गेले, तर तू ऐनाची फांदी पायावर ओढलीस. "राख गार होईस्तोवर बूड हलवायचं नाय." अशी तू. आणि पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला तेव्हा जंगल खात्याच्या चौकीपर्यंत चालत सांगायला तूच गेलीस. गार्ड म्हणाला, "तुलाच बरं आधी दिसलं? तूच लावली असशील." दिवस मावळेस्तोवर ओट्यावर बसवून ठेवली. तू घरी येतेस, पदर सारखा करतेस, चुलीपुढं बसतेस आणि एवढंच म्हणतेस, "आता दिसलं तरी दिसलं नाय." साऱ्या पाड्यानं तेच धरलं. अजून धरलंय.

तुझ्या वेळी होळीनंतर डोंगर वाळायचा. आता माघातच गवत कडकडीत होतं, वारा भलतीकडून येतो. आग अडवायचे खात्याचे जाळपट्टे मात्र जुन्याच तारखेला. गवत कापून पट्टा काढायला माणसं येतात तवर डोंगर काळा झालेला असतो.

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, दोन गोष्टी लिहा. जाळपट्टा गवत बघून काढायचा, तारीख बघून नाय. आणि जो धूर सांगायला येईल त्याला बसवून ठेवायचं नाय, त्याच्यावर केस करायची नाय. हे कायद्यातच घाला."

मागून सरपंच म्हणाला, "मावशी, कायदा तुम्हीच लिहा, आम्ही अंगठा देतो." सगळे हसले.

"अंगठा कशाला? तेवढ्यात सही शिका," म्हटलं. मग त्यानं कागदात डोकं घातलं.

साहेबानं विचारलं, "असं खरंच होतं का?" मी तुझी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "ते फार जुनं झालं, मावशी. आत्ताचं एखादं प्रकरण लेखी द्या. गाव, दिवस, माणसाचं नाव घालून. नुसतं तोंडी सांगून वरती कोणी ऐकत नाही. पुढच्या सोमवारी आणा."

आत्ताचं प्रकरण म्हणे. तुला सांगते, हाय माझ्याजवळ. ह्या फाल्गुनात कड्याला धूर निघाला तो पहिल्यांदा मीच बघितला. दुकानातल्या फोनवरून चौकीला लावला. तिकडून विचारलं, "कोण बोलतंय?" आणि मी, पंचायतीची मेंबर, भर सभेत सरपंचाला गप करणारी, फोन खाली ठेवला. वारा फिरला, आग खाली उतरली. धाकट्या जावेचा गोठा गेला, आत बांधलेली गाभण गाय गेली. दुसऱ्या दिवशी जाऊ राखेत उभी राहून म्हणाली, "जाऊबाई, कोणी वेळेवर बघितलं असतं तर?"

मी म्हटलं, "कोणाला दिसलं नसेल."

ते लेखी दिलं तर ती ओळ कायद्यात बसेल की नाय, देव जाणे. पण जावेला मात्र कळेल. हा कागद साहेबासाठीच घेतला होता, गाव आणि दिवस घालायला. तुलाच लिहून भरला. साहेबाला अजून काय लिहिलं नाय.