सतराव्या मजल्यावरून

क्लीव्हलँड,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय टेरेझा,

आजवर पत्रं आई लिहायची आणि मी खाली नुसती सही करायचो. आज पहिल्यांदाच मी लिहायला बसलोय. आम्ही दोघं ठीक आहोत. सरोवरावरून बोचरा वारा सुटलाय, बर्फ अजून नाही. शेजाऱ्यांनी कुत्रा आणलाय, तो गल्लीत फक्त माझ्यावरच भुंकतो. डेन्व्हरला थंडी पडली असेल. जपून राहा.

तो फंड मी ऑगस्टमध्ये विकला.

अडीच वर्षांपूर्वीचा तो ईस्टर तूही विसरली नसशील. आई अक्रोड भरलेला गोड पाव, आपली पोटिका, कापत होती आणि मी फुशारकी मारत होतो. "ऑफिसच्या इमारती तारण घ्यायच्या, मालकांना कर्ज द्यायचं, हा या फंडाचा धंदा. बाजारात शेअर घ्या, दर तिमाहीला लाभांश खा. इमारत काय पळून जाणार आहे?"

तू म्हणालीस, "बाबा, इमारत नाही पळत, आतली माणसं जातात. मीच दोन वर्षं ऑफिसचं तोंड पाहिलेलं नाही. निदान अर्धे तरी विका."

"पायजम्यात बसून पगार घेणाऱ्यांनी मला इमारती शिकवू नयेत," मी म्हणालो. "अख्खा जन्म मी त्यांच्या लिफ्टमध्ये काढलाय."

मामा मोठ्यानं हसला. तू ताट तसंच ठेवून उठलीस.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मी गावातल्या त्या जुन्या टॉवरमध्ये गेलो. फंडाचं त्याच्यावर मोठं कर्ज होतं, आणि तिथल्या लिफ्ट तरुणपणी मीच बसवलेल्या. दारावरचा पहारेकरी रूडी ओळखीचा, मला नावानंच हाक मारतो. "लड, वर जाऊन काय बघणार? चिटपाखरू नाही," तो म्हणाला. तरी गेलो. लिफ्ट अजून लोण्यासारखी चालते गं! सतराव्या मजल्यावर दार उघडलं. टेबलं नाहीत, छतातून वायरी लोंबतायत, गालिच्यावर टेबलांच्या पायांचे नुसते खड्डे. नाताळात इथल्याच बायका मला डबे भरभरून बिस्किटं द्यायच्या.

तू बरोबर होतीस, हे मला तिथंच कळलं. कुठल्याही शहाण्या माणसानं त्याच संध्याकाळी शेअर विकले असते.

मी नाही विकले. आईला म्हणालो, "भाव वर येईल." तिला वाटलं हाव सुटली. हाव नव्हती. विकायचं म्हणजे ती इमारत मेली असं आपल्या तोंडानं म्हणायचं, आणि ते काही मला जमेना. मग मालकाचे हप्ते थकले, टॉवर फंडाच्या गळ्यात पडला. तसे आणखीही पडले. लाभांश आधी निम्मा झाला, मग बंद. मी विकले तेव्हा डॉलरमागे पाव डॉलर उरला होता.

आता घराचं सांगतो. लाभांशातून घराचा कर आणि आईची औषधं निघायची. घर विकलंय, टेरेझा. डिसेंबरात किल्ल्या द्यायच्या. तरुण जोडपं आहे, तुझ्या खोलीत ते पाळणा ठेवणार म्हणतात. आम्हाला जवळच्या यूक्लिड गावात दोन खोल्या मिळाल्यात.

आईनं मला एका शब्दानं बोल लावलेला नाही. त्यापेक्षा तिनं चार बशा फोडल्या असत्या तर बरं झालं असतं. काल ती तुझ्या रिकाम्या खोलीत पलंगावर बसली होती.

"टेरेझाला कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"नुसतं घराचंच सांगणार का, लड?"

नाही. माफीही मागतोय. चारचौघांत तुझा अपमान केला, आणि तू खरी ठरल्यावर तर तुझ्याशी बोलायचीच लाज वाटू लागली. दोन्हींत तुझा काय दोष?

पैसे नकोत. पाठवलेस तर परत करीन. थँक्सगिव्हिंगला येता आलं तर ये, घर आपलं आहे तोवर एकदा सगळे जेवू. नाही जमलं तर आईला फोन कर.

मी उचलला तर ठेवू नकोस.

तुझाच, चुकलेला
बाबा