कोरा होत गेलेला चेहरा

मंगळवार, जळगाव जामोद

माझ्या मैत्रिणीने, रेखाने, वाचायला दिलेल्या तिन्ही चित्रकादंबऱ्या आज संपल्या. पहिली गुप्तहेराची, तिच्यात कोणता चौकोन आधी वाचायचा हेच कळेना. दुसरी लढाईची. पानभर विमानं, पण भीती नाही वाटली. तिसरीत एक मुलगी आणि सगळं विसरत चाललेला तिचा बाप. बापाला ती जशी दिसते तशी काढली आहे. दर काही पानांनी तिच्या चेहऱ्यातली एखादी रेष कमी. शेवटी नुसतं कोरं तोंड. उगाच वाचली.

संध्याकाळी बाबा दूध घेऊन आले आणि फाटकातच थांबले. मला म्हणाले, "बाई, वानखडे गुरुजीचं घर हेच काय?"

वानखडे गुरुजी म्हणजे ते स्वतःच.

मी काही बोलायच्या आत तेच हसले. "मजाक केली," म्हणत चपला काढून आत गेले. मजाकच असेल का? बाबांनी कधी कुणाची मजाक केलेली मला आठवत नाही. माझा हात आपोआप गालावर गेला. ते कोरं तोंड डोळ्यांपुढून हलेना.

चहा देताना राहवलं नाही. "बाबा, मले ओळखलं ना?"

"काऊन नाही? तू मोठी."

मोठी ताई अकोल्याला असते. मी धाकटी, त्यांच्याजवळ राहणारी.

"हाव," म्हटलं. मी दुसरं काय म्हणणार होते?

ते निवांत चहा प्यायले. मी मागच्या अंगणात जाऊन ताईला फोन लावला. ती "बोल ना" म्हणाली, तसं मी म्हटलं, "ताई, बाबा आज मले तू समजले."