वळणावरचा कठडा

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र तसंच बाजूला ठेवशील, म्हणून वहिनीला आधीच फोन करून सांगितलंय की उघडून हातात दे. तिच्यावर चिडू नकोस. इकडे सगळे ठीक आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण ती चार मजले चढायचं काही सोडत नाही. लिफ्ट बिघडली तर काय, म्हणून रोज सराव करते म्हणे. लिफ्ट बिघडावी अशी तिची मनातून इच्छाच असावी, असा मला दाट संशय आहे.

आता मोठी बातमी. आपल्या गावात नवं अग्निशमन केंद्र होतंय. जुन्या बाजाराच्या मैदानावर एका कडेला केंद्र, दुसऱ्या कडेला पोलीस ठाणं आणि मध्ये, भोवती, जिथे मिळेल तिथे बाग. आणि आराखडा कुणाकडे आलाय? तुझ्या फुटपट्टीकडे. लहानपणी मी तुझं अंथरूणसुद्धा ओढून सरळ करायचे म्हणून तू ठेवलेलं हे नाव ऑफिसात कुणाला माहीत नाही, ते एक बरं आहे.

कागदावरचा नकाशा लोकांपुढे ठेवला की लोक माना डोलावतात आणि इमारत उभी राहिली की बोंब मारतात, हे तुला काय सांगायचं. म्हणून या वेळी मी हट्ट धरला. सगळा आराखडा मैदानावर खऱ्या मापाने आखायचा, खेळाच्या मैदानावर मारतात तशी चुन्याची फक्की मारून. भिंती, दारं, जिने, बाकं, पायवाटा, सगळं. आमच्या मुख्य अभियंता, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणतो, त्या आधी हसल्या. मग पहिल्या रविवारी स्वतः आल्या आणि बोलता बोलता सरळ भिंतीतून चालत गेल्या. एका आजोबांनी त्यांना अडवलं आणि फिरून दारातून यायला लावलं. बाई मुकाट्याने फिरून आल्या. त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूने आहेत.

लोक काय काय सांगतात म्हणून सांगू. ठाण्याच्या पोलीसबाई तक्रारीच्या खोलीत उभ्या राहिल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या की हे दार रस्त्यावर नको, बागेकडे करा. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई रस्त्यावरून ठाण्यात शिरताना सगळा गाव बघतो, म्हणून ती येतच नाही. बागेत तर कुणीही जातं. मी दार फिरवलं. पाच मिनिटांचं काम होतं, आणि मी आठ महिने तो कागद बघत होते तरी मला ते सुचलं नव्हतं. माळीकाका मात्र माझ्या डोक्यावर बसलेत. जिथे म्हणून मोकळी जागा दिसेल तिथे त्यांना वाफा हवा. बंबाच्या फाटकासमोरसुद्धा.

तेच लिहायला बसले होते, आणि बघ, दोन पानं इकडचं तिकडचं सांगत बसले.

गेल्या रविवारी सुतार आला होता. तोच, ज्याचा कारखाना जळला. आता दुसऱ्या कुणाच्या दुकानात काम करतो. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, तरी रंधा धरतो. तो सगळीकडे फिरला, बाकं मोजली, लाकडाची असतील तर सागाची करू नका, चोरीला जातात, असं म्हणाला. मग फाटकासमोरच्या वळणावर जाऊन उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "ताई, बंब इथून एका दमात वळेल ना?"

काही कुत्सित नव्हतं रे त्यात. सरळ विचारत होता. हातातलं फक्कीचं घमेलं मी खाली ठेवलं. म्हणाले की हे चालकाला विचारायला हवं. तो म्हणाला, "विचारलं असतं, पण तो कुठे आहे आता इथे." आणि गेला.

दादा, आता मी लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहून होणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

जुन्या केंद्रासमोरच्या बागेचा बुटका कठडा मूळ नकाशात वळणापाशी आत घेतलेला होता, एक घास काढल्यासारखा. ती बाग नव्याने बांधायची ठरली तेव्हा नकाशा माझ्याकडे आला. मला नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. ती रेघ वाकडी दिसत होती. का वाकडी आहे ते मी कुणाला विचारलं नाही. फुटपट्टी ठेवली आणि सरळ केली. एवढंच. कागदावर फार छान दिसली. कुणी तपासलं नाही, आणि कठडा तीन फूट पुढे येऊन बांधला गेला. तीन फूट कुणाच्या डोळ्यांत भरले नाहीत. भरले ते तुझ्या मागच्या चाकाला.

तू रजेवर होतास. कठडा आदल्या दिवशी पुरा झाला, तू सकाळी कामावर आलास आणि दुपारी सुताराकडच्या आगीची घंटा वाजली. पुढचं तुला माहीत आहे. मागचं चाक कठड्यावर चढलं, पलीकडच्या वाफ्यात रुतलं आणि गाडी अकरा मिनिटं तिथेच अडकली.

तू चौकशीत सांगितलंस की कठडा पुढे आलाय. तोवर गाडी काढण्यासाठी कठडा तोडून सपाट केला होता, मोजायला काही उरलंच नव्हतं. मला बोलावलं. मी जुना नकाशा पुढे ठेवला, वाकड्या रेघेचा. याप्रमाणेच बांधलं होतं का, विचारलं. मी हो म्हणाले. माझा सरळ रेघेचा कागद माझ्याच खणात होता.

आणि त्या संध्याकाळी तू घरी जेवायला बसला होतास. मी वाढत होते. तू मान वर न करता विचारलंस, कठडा पुढे आला नव्हता का गं? मी म्हणाले, नाही दादा, होता तिथेच होता. तू "बरं" म्हणालास आणि ताटातलं सगळं संपवलंस.

नोकरी जाईल या भीतीने केलं. दुसरं काही कारण नाही, आणि शोधूनही मला सापडलेलं नाही. त्यांनी "चालकाचा हलगर्जीपणा" असं लिहिलं, तुला गाडीवरून उतरवलं, तू गाव सोडलंस. आई कालपर्यंत समजत होती की तू वहिनीच्या माहेराजवळ राहायचं म्हणून गेलास. तू वखारीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या आल्या-गेल्याची नोंद करतोस आणि घरची स्कूटरसुद्धा वहिनी चालवते, हे तिनेच मला सांगितलं. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. तेही चोरूनच, बघ.

सोमवारी सकाळी दोन्ही नकाशे आणि माझा जबाब घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "हे मी घेतलं की माझ्या हातात राहणार नाही. परत न्यायचं असेल तर आत्ता ने." मी म्हणाले, सात वर्षं तेच करतेय. त्यांनी घेतलं.

चौकशी पुन्हा उघडली आहे. तुझ्या नावापुढचं ते वाक्य खोडलं जाईल, हे बाईंनी मला स्पष्ट सांगितलं. माझं काय होईल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तोवर आराखड्याच्या कामावरून मला दूर केलंय. आईला कालच सांगितलं. ती चार मजले उतरून गेली आणि तासाभराने चढून आली.

आता मागणं. मागायला तोंड नाही, तरी मागते. एक मार्चच्या रविवारी फक्कीवरून खरा बंब चालवून बघायचाय. त्यानंतर आराखडा कायमचा होईल, आणि वळण चुकलं तर पुढची पन्नास वर्षं चुकलेलं राहील. माळीकाकांनी बंबाच्या वाटेत वाफा रेटलाच आहे, आणि सध्याचे चालक नवे आहेत, साहेबांपुढे ते चालेल चालेल म्हणतील. हा कोपरा तू बघावास असं मला वाटतं. मोठ्या बाईंचं रीतसर निमंत्रण सोबत जोडलंय. माझ्यासाठी येऊ नकोस. मी समोर नको असेन तर मी घरी थांबेन.

रागावलास तर कळव. नाही कळवलंस तरी मी समजेन.

जिने तुझ्या ताटात वाढता वाढता खोटं सांगितलं ती,
तुझी धाकटी बहीण

·

२१ फेब्रुवारी

फुटपट्टीस, आशीर्वाद.

पत्र मिळालं. वहिनीने उघडून दिलं आणि समोर बसून राहिली, त्यामुळे वाचावं लागलं. त्याला चार दिवस झाले. आज लिहितोय.

मला लांबण लावता येत नाही. इथे वखारीत माझ्या टेबलावर मी तो कोपरा खडूने आखून घेतलाय. जुन्या नकाशातल्या मापाने, प्रमाणात. काड्यापेटी म्हणजे बंब. सात वर्षं रोज दुपारी काड्यापेटी फिरवतो. दर वेळी सुटते. एकदाही चाक लागत नाही. म्हणजे जागा होती, गाडी धड होती, मग राहिले काय, तर माझे हात. असा हिशोब मी मांडला आणि हात काढून घेतले. कुणी म्हणालं असतं तर भांडलो असतो. तू म्हणालीस, म्हणून मानलं.

एवढं तुला कळायला हवं. नकाशा चुकला त्याचा मला राग नाही, माणूस चुकतो. चौकशीत घाबरलीस, तेही एक वेळ समजून घेईन. जेवताना मी विचारलं होतं तेव्हा घरात आपण दोघंच होतो. तिथे तुला कुणाची भीती होती? हा राग आहे आणि तो काही लगेच जाणार नाही. मी आलो की गेला असंही समजू नकोस.

पण काल पत्र पुन्हा वाचलं आणि ते तीन फूट टेबलावर आखले. काड्यापेटी फिरवली. अडकली. पुन्हा फिरवली. पुन्हा तिथेच अडकली. वहिनीला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, अहो, रडताय काय, काड्यापेटी आहे ती. मग तीही रडली.

मी येतोय. दोन दिवस आधी येतो, हात बसवायला लागतील. आईला सांग, शुक्रवारी जेवायला आहे आणि लिफ्ट चालू असली तर मी लिफ्टने येणार.

मोठ्या बाईंना सांग की टाकी काठोकाठ भरून हवी. रिकामी गाडी कुणीही वळवेल. भरलेली गाडी वळते तेव्हा आतलं पाणी अजून सरळच जात असतं, आणि तेच तुमच्या कागदावर दिसत नाही. मी तीनदा वळणार. एकदा सावकाश, एकदा घंटा वाजल्यावर घेतात तशी, आणि एकदा मागे घेऊन. चाक जिथे जाईल तिथली फक्की पुसायची आणि बाग मागे घ्यायची. माळ्याशी मी बोलतो. सुतारालाही बोलावून घे, त्याने बघितलेलं बरं. त्याच्यापुढे उभं राहायला मला जड जाईल, पण राहीन.

घरी थांबेन वगैरे लिहू नकोस. चालकाला मागचं चाक दिसत नाही, खाली कुणीतरी उभं राहून सांगावं लागतं. कामावरून काढलं असेल तर नुसती बहीण म्हणून ये. त्या कोपऱ्यावर तू उभं राहायचं, दुसरं कुणी नाही. वाकून बघ, आणि चाकाला जागा आहे की नाही ते मला सांग. जे दिसेल ते. सगळ्यांसमोर, मोठ्याने.

तुझा दादा,
चालक, अग्निशमन दल